करमंना

पहिला प्रश्न लिहायला मला सात आठवडे लागले, आणि शेवटी तो दोनच शब्दांचा झाला.

काम असं होतं: पुण्यात बाहेरून शिकायला येणाऱ्या मुलांसाठी मानसिक आरोग्याचं अ‍ॅप. बाहेरून म्हणजे काबूल, सना, खार्टूम, तेहरानहून. आणि बाहेरून म्हणजे हिंगोली, नंदुरबार, गडचिरोलीहूनसुद्धा. कारण सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगाही या शहराला नवखाच असतो. कंपनी लहान, बाणेरला दीड खोलीचं ऑफिस. मला घेतलं ते मजकुरासाठी. बटणावर काय लिहायचं, प्रश्न कसा विचारायचा, बिघाड झाला तर माफी कशी मागायची. इतकी वर्षं अनुवादात घालवल्यावर मला वाटलं होतं, पंधरा दिवसांत हातावेगळं होईल.

पहिला मसुदा वाचून टीममधल्या समुपदेशक बाई हसायलाच लागल्या. "अहो, ही पुणेरी पाटी झाली." खरंच झाली होती. 'कृपया आपल्या मनःस्थितीची नोंद करावी. नोंद केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.' खाली 'दुपारी १ ते ४ बंद' एवढंच लिहायचं राहिलं होतं.

मग शब्दांशी झटापट सुरू झाली. 'समुपदेशन' हा शब्द मी घरात कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. तो परिपत्रकात जन्मला आणि तिथेच नांदतो. म्हणून 'काउन्सेलिंग' लिहिलं, तर परभणीच्या एका मुलीनं विचारलं, "कितवा राउंड चालू आहे?" तिचं काय चुकलं? बारावीनंतर आपल्याकडे काउन्सेलिंग म्हणजे अ‍ॅडमिशन. 'नैराश्य' पेपरात आत्महत्येच्या बातमीत येतं, त्यामुळे मुलं तो शब्द स्वतःला लावून घ्यायला बिचकतात. आणि 'मानसिक' या शब्दाला तर पुण्यात पत्ताच आहे. येरवड्याचं मनोरुग्णालय शंभर वर्षांहून जुनं. कुणी जरा वेगळं वागलं की 'येरवड्याला न्या याला' म्हणायची इथली रीत. त्याच येरवड्यात मुक्तांगण १९८६पासून माणसांना व्यसनातून बाहेर काढतंय, पण ते कधी कुणाच्या बोलण्यात वाक्प्रचार होऊन आलं नाही.

हा पत्ता आम्हाला महागात पडला. चाचणीसाठी अ‍ॅप दिलेला एक मुलगा सहाजणांच्या खोलीत राहायचा. सहा फोन एकाच बोर्डावर चार्जिंगला. रात्री नऊ वाजता आमची सूचना स्क्रीनवर उजळली, 'आज तुमचं मन कसं आहे?' आणि ती शेजारच्या कॉटवाल्यानं मोठ्यानं वाचली. पुढचं सांगायला नको. मुलानं अ‍ॅप काढून टाकलं. हेही आम्हाला त्याच्याकडून कळलं नाही, त्याच्या मित्राकडून कळलं. तेव्हापासून स्क्रीनवर मजकूर येत नाही, नुसता ठिपका येतो. मेंदूतून कमळ उगवलेलं ते चिन्हही गेलं. मला ते आधीपासूनच आवडत नव्हतं, पण माझं तेव्हा कोण ऐकतंय.

तर, दोन शब्द. ते मला सापडले नाहीत, आठवले.

१९९३च्या जुलैत मी औशाहून पुण्यात शिकायला आले. नारायण पेठेतल्या बोळात चौघींत एक खोली. रात्री अकरानंतर एसटीडीचे दर पाव व्हायचे, म्हणून रविवारी अकराला बूथसमोर रांग लागायची. तिकडे औशात शेजारच्या वकिलांकडे फोन होता. आई त्यांच्या ओसरीवर येऊन बसलेली असायची. माझी नजर मीटरच्या लाल आकड्यांवर. काय बोलायचं ते रांगेत घोकून ठेवलेलं असायचं आणि आईचा आवाज आला की सगळं एका वाक्यात गोळा व्हायचं: "मला इथं करमंना."

"करमंल की गं," आई म्हणायची. एवढंच. मग वकिलीणबाईंची खुशाली.

'करमणे' हे क्रियापद बघा. ते मी करत नाही. मला करमतं, मला करमत नाही. जसं मला भूक लागते, राग येतो, झोप लागत नाही. या गोष्टी माझ्याकडे येतात, कधी येत नाहीत. 'आय अ‍ॅम डिप्रेस्ड' म्हणणारा मुलगा स्वतःच ते होऊन बसतो. 'मला करमत नाही' म्हणणारी मी शाबूत असते. बिघडलेलं असतं ते माझं आणि या जागेचं जमणं. ते उद्या जमेलही. म्हणून आया 'करमंल' म्हणतात, 'बरी होशील' म्हणत नाहीत. (करमणूक हा शब्दही याच घरातला, पण तो टीव्हीवाल्यांनी कधीच पळवला.)

'करमतंय का?' मी लिहिलं आणि पाठवलं. आमचा डेव्हलपर, कोथरूडचा पोरगा, म्हणाला, "मस्त आहे. पण ताई, याचं इंग्रजी?"

इंग्रजी नव्हतं. आणि तिथेच आमची दिशा बदलली. इतके दिवस आम्ही इंग्रजी प्रश्न घेऊन त्याचे मराठी, फारसी, अरबी अवतार काढत होतो. आता उलटं विचारायचं ठरलं: तुमच्या घरी फोनवर तुम्ही काय म्हणता?

काबूलचा एक मुलगा आम्हाला मदत करत होता. हिंदी उत्तम, कारण घरात हिंदी मालिका पाहून वाढलेला. तो म्हणाला, दरी भाषेत 'दिक़ शुदम' म्हणतात. आठवणीनं जीव कासावीस झाला की. आणि फारच झालं तर 'जिगरखून'. जिगर म्हणजे यकृत, त्याचं रक्त होणं. मला काळीज आठवलं. आपण काळजाला हात घालतो, काळजाचं पाणी पाणी करतो, आणि खाटकाकडे काळीज मागितलं की तो बिनचूक यकृतच देतो. काबूलमध्ये २००६च्या सुमाराला संशोधकांनी अफगाण लोकांच्याच बोलण्यातून २२ प्रश्नांची एक यादी बांधली होती, तिच्यात हे जिगरखून आहे. आणि रागानं, ताणानं आतून दाब वाढल्यासारखं वाटणं, ज्याला ते 'फिशार-ए-बाला' म्हणतात, तेही आहे. इराणी मुलगी म्हणाली, 'देलम तंग शोदे', माझं मन अरुंद झालं. येमेनच्या मुलानं एकच शब्द दिला, 'ग़ुर्बा', परकेपण. तो म्हणताना त्यानं खिडकीबाहेर बाणेर रोडकडे बघितलं, तेवढं पुरे होतं.

समुपदेशक बाईंना हे सगळं आवडलं आणि सगळं पटलं नाही. "तुमच्या करमत नाहीच्या पदराखाली खरा आजार लपला तर?" त्या म्हणाल्या. मी गप्प झाले, कारण मुद्दा खरा होता.

त्यांचा भरवसा पीएचक्यू-९ या प्रश्नावलीवर. २००१पासून जगभर वापरात असलेले नऊ प्रश्न: गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटला नाही का, झोप बिघडली का, थकवा, भूक कमी किंवा जास्त, लक्ष न लागणं वगैरे. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा त्याहून जास्त झाले की नीट बघायचं. हत्यार चांगलं आहे. पण विमानातून उतरलेल्या मुलाला दोन आठवड्यांनी हे विचारा. झोप? घड्याळ काही तास पुढेमागे झालंय आणि खोलीखाली रात्री दीडपर्यंत वडापावची गाडी. भूक? मेसच्या आमटीनं पोट बिघडलंय. थकवा? १८० दिवसांहून मोठ्या मुदतीच्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याला १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे नोंदणी करावी लागते, म्हणजे तुमचे दोन आठवडे आणि सरकारचे दोन आठवडे नेमके तेच. लक्ष लागतं का? कशात लागेल? धडधाकट मुलगा दहाच्या वर सहज जाईल. शेवटी तडजोड अशी झाली की आल्याआल्या नुसतं 'करमतंय का' विचारायचं, आणि महिना उलटूनही उत्तर 'नाही'च येत राहिलं, तर ते नऊ प्रश्न आणि त्यांच्यामागे जिवंत माणूस.

नवव्या प्रश्नावर मात्र बाईंनी माझं काही चालू दिलं नाही. तो मरणाच्या विचारांचा प्रश्न. मी 'जीव नकोसा झालाय का' असं लिहून दिलं होतं. घरगुती वाटावं म्हणून. त्यांनी खाट्कन खोडलं. "एप्रिलमध्ये सगळ्या पुण्याचा जीव उकाड्यानं नकोसा होतो. आपण 'मेले गं मी' हसत म्हणतो. इथे कविता नको. सरळ विचारा." तेव्हा सरळ विचारलं: मरून जावंसं वाटतं का, स्वतःला इजा करावीशी वाटते का. खाली मोठ्या आकड्यांत १४४१६, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा चोवीस तासांचा नंबर, ऑक्टोबर २०२२पासूनचा. आणि एक ओळ, कारण मुलं पोलिसांना भितात: २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार नव्हे, तीव्र ताणाखालचा माणूस मानलंय. ज्या भाषेनं मला सगळीकडे तारलं, तिचा घरगुतीपणा इथे नडला असता.

बाकी आमच्या चुका ऐकाल तर हसाल. अ‍ॅपमध्ये शिरायला ओटीपी लागायचा, तोही भारतीय नंबरवर. भारतीय सिम घ्यायला पासपोर्ट, व्हिसा आणि राहण्याचा पत्ता. पत्ता मिळायला घर. घराच्या एजंटला फोन करायला सिम. ज्या पंधरवड्यात मूल सगळ्यात एकटं, नेमकं तेव्हा आमचं दार बंद. हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं, कारण आमच्या सगळ्यांच्या खिशात दोन-दोन सिमं. रमजानमध्ये तर भर दुपारी रोजेदारांना 'पाणी प्यायलात का?' अशी आठवण गेली. येमेनच्या मुलानं त्याचा फोटो काढून खाली फक्त हात जोडलेले पाठवले.

आणि प्रत्येक परदेशी मुलाचा पहिला प्रश्न एकच असायचा: हे कुणाला कळतं? वकिलानं पानभर मजकूर दिला होता. मी तो काढून चार ओळी लिहिल्या. कॉलेजला नाही. घरमालकाला नाही. व्हिसावाल्यांना नाही. आई-वडिलांना नाही. डेव्हलपरनं वाचून मान खाजवली. "लिहायला छान आहे ताई, पण आत्ता हे खरं नाहीये." वापराचे आकडे मोजणारं बाहेरचं एक साधन आत बसवलेलं होतं, ते कोणतं पान कधी उघडलं हे परस्पर दुसरीकडे कळवत होतं. ते उपटून काढायला त्याला तीन आठवडे लागले. चार ओळी तीन आठवडे थांबल्या.

सगळंच मनात नसतं, हे कळायला सुदानचा एक मुलगा भेटावा लागला. एम.एस्सी.ला प्रवेश, हातात पैसे, पण अकरा घरं बघून झाली होती. फोनवर 'या की' आणि दारात चेहरा बघितला की 'कालच दिलं'. अ‍ॅपनं त्याला काय सुचवलं? चार मोजून श्वास आत, चार मोजून बाहेर. तो फार शांतपणे म्हणाला, श्वास घेता येतो मला, घर मिळत नाहीये. मी मीटिंगमध्ये म्हटलं, घराची माहिती घालू. उत्तर आलं, ते स्कोपमध्ये बसत नाही. संस्कृतीचा आदर म्हणून ईदला हिरवी आणि दिवाळीला केशरी पट्टी लावणं मात्र बरोबर बसत होतं. त्यावर मी जरा जास्तच बोलले. अखेर एक पान मिळालं: डिपॉझिट किती मागतात, पावती कशी घ्यायची, करार कुणाच्या नावावर, एजंटाशी काय बोलायचं. अजूनही जास्तीत जास्त उघडलं जाणारं पान तेच आहे. मनाच्या आरोग्याचं अ‍ॅप आणि लोक वाचतात भाडेकरार.

त्या काबूलच्या मुलाबरोबर एकदा चहाला बसले होते. मी सहज विचारलं, २०२१ला कुठे होतास? कोंढव्यात, म्हणाला. १५ ऑगस्टला सकाळी सोसायटीत झेंडावंदन झालं, कुणीतरी त्याच्या हातात जिलेबी दिली, त्यानं खाल्ली. संध्याकाळपर्यंत काबूल पडलं होतं. फोन लागत नव्हता.

मग मी त्याला ३० सप्टेंबर १९९३ सांगितला. आदल्या दिवशीची विसर्जन मिरवणूक लक्ष्मी रस्त्यावर अजून संपलेली नव्हती, ढोलांचा आवाज नारायण पेठेत येत होता, आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीला जमीन हलली. किल्लारी आमच्याच औसा तालुक्यातली. दोन दिवस बूथवाला नंबर फिरवत राहिला. आमचं घर उभं होतं, मागच्या भिंतीला चीर. आत्याच्या घरात कुणी राहिलं नाही. सोमवारी वर्गात गेले तर सरांनी गैरहजेरीचं कारण विचारलं. मी 'बरं नव्हतं' म्हटलं.

"मी पण हेच सांगितलं होतं," तो म्हणाला. "तबीयत ठीक नहीं थी."

यानंतर माझ्या डोक्यात एक शब्द घोळायला लागला: मुराळी. परक्या जागी जाऊन पडलेल्या माणसाबद्दल आपल्याकडे ज्ञान कमी नाही. ते सगळं सासरी आलेल्या मुलींनी जमवलेलं आहे. कुणाला सांगता येत नसेल तर जात्याला सांगायचं. पुण्यातच हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. सासुरवास आणि माहेरची ओढ त्यात किती तऱ्हांनी येते. आणि त्या मुलींना माहीत असायचं की पंचमीला, दिवाळीला मुराळी येणार. कुणीतरी आपल्याला न्यायला येणार आहे, एवढ्यावर श्रावण निघायचा.

अ‍ॅपमध्ये मुराळी हवा, मी म्हटलं. नव्या मुलाला स्टेशनवरून, विमानतळावरून घ्यायला जाणारा, त्याच्यासारखाच कधीतरी एकटा आलेला. डेव्हलपरला 'बडी' हवं होतं. न्यायला येणाऱ्याचं नाव मी आणायला जाणाऱ्याला देत होते, शब्द उलटा वापरत होते, मान्य. पण बडी म्हटलं की कसं टी-शर्ट घातलेलं कार्टून डोळ्यापुढे येतं.

समुपदेशक बाई लगेच माझ्या बाजूनं झाल्या. त्यांना हरारे आठवलं. झिम्बाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ला चौदा आज्यांना हाताशी धरून दवाखान्याबाहेरच्या बाकावर गप्पांचा उपचार सुरू केला. तिथल्या शोना भाषेत मनाच्या अशा दुखण्याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, फार विचार करणं. आज्यांनी डॉक्टरी शब्द वापरले नाहीत; मन उघडणं, उभारी देणं, बळ देणं असे आपल्या भाषेतले टप्पे ठेवले. बाई सांगत होत्या आणि मला वकिलांच्या ओसरीवर बसलेली आई दिसत होती.

आणि पुण्याला तरी हे कुठे नवं आहे? डॉ. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसनच्या वसतिगृहाचे रेक्टर होते तेव्हा त्यांना एक मुलगी मुलांच्या वसतिगृहाच्या खिडकीतून काहीतरी आत देताना दिसली. चौकशी केली तर आत मॉरिशसचा विद्यार्थी काविळीनं पडलेला, आणि ती त्याच्यासाठी जेवण आणत होती. परदेशी मुलांचे इथे किती हाल होतात हे त्यावरून त्यांच्या मनात बसलं आणि १९७१ला सिम्बायोसिस उभी राहिली. संस्थेची गोष्ट सगळे सांगतात. मला ती डबेवाली मुलगी जास्त आवडते. तिला कुणी नेमलं नव्हतं.

आमच्या मुराळ्यांची पहिली फेरी चाचणीचीच होती. काबूलच्या मुलानं नाव दिलं होतं. जोड्या भाषेवरून लागायच्या, त्यानं 'हिंदी' निवडलेलं, आणि हिंगोलीच्या एका मुलानंही काय मनात आलं कोण जाणे, 'हिंदी'च निवडलेलं. झाली जोडी. पोराची एसटी पहाटे येणार होती. त्यानं कळवलं 'शिवाजीनगर', कारण तिकिटावर तेच आणि गावात सगळे तेच म्हणतात. एसटी स्टँड २०१९च्या अखेरीला मेट्रोच्या कामामुळे वाकडेवाडीला गेला, पण तो अजून जिभेवरून हललेला नाही. तेव्हा काबूल शिवाजीनगरच्या मेट्रो स्टेशनबाहेर उभं, हिंगोली वाकडेवाडीला. एकाचा फोन चौदा टक्क्यांवर. पाऊण तास दोघं एकमेकांना 'मी इथेच आहे' असं सांगत होते आणि मी घरी पलंगावर बसून दोघांचे मेसेज वाचत होते. असा मुराळी आमच्या गावात आला असता तर त्याला परत पाठवला असता.

मग बराच वेळ काही नाही. आठ वाजता ग्रुपवर एक ओळ आली. तो मराठी शिकत होता, म्हणून मराठीतच, देवनागरीत: 'ताई, मुलगा सापडला. तो रडत होता. मी धपाटे खाल्ले.'

डेव्हलपरचा तडक फोन. आवाज चढलेला. "कोणी मारलं त्याला? स्टँडवर काय झालं? पोलिसांना कळवू का?"

मला हसू आवरेना, बोलताच येईना. तेवढ्यात फोटो आला. बाकावर वळकटी, दोन कटिंग चहा, पेपरच्या तुकड्यावर शेंगदाण्याची चटणी आणि हिंगोलीहून आईनं बांधून दिलेले ज्वारीचे धपाटे, त्यातला एक अर्धा तोडलेला. डेव्हलपरला फोटो पुढे पाठवला आणि उठले. मला भयंकर भूक लागली होती.